'बर्न्ट' (२०१५): समीक्षकांनी नाकारलेल्या शेफच्या सिनेमातून आपण काय घ्यायचं?

तिसरी_घंटा

जॉन वेल्सने दिग्दर्शित केलेला, ब्रॅडली कूपरचा 'बर्न्ट' २०१५ साली आला आणि बहुतेक समीक्षकांनी तो मोडीत काढला. समीक्षा एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर तो चांगला म्हणणाऱ्यांचा आकडा तीस टक्क्यांच्याही खाली आहे. आक्षेप ठरलेले: नायक असह्य आहे, गोष्ट कुठे पोचणार ते लवकर कळतं, प्रेमाचा धागा ओढूनताणून आणलाय. तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरीही ज्याला आपल्या कामात थोडीही चूक सहन होत नाही, त्याने हा सिनेमा पाहावा असं ठामपणे वाटतं, म्हणून हा धागा.

कथा थोडक्यात अशी. अ‍ॅडम जोन्स हा पॅरिसमध्ये मिशलिन या हॉटेलांची पारख करणाऱ्या मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळवलेला शेफ. व्यसन आणि संताप यांत सगळं घालवतो. न्यू ऑर्लिन्समध्ये दहा लाख ऑयस्टर सोलण्याची शिक्षा स्वतःला देतो, वहीत आकडा लिहीत जातो आणि तो पुरा झाला की लंडनला येतो. आता त्याला तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा हवा आहे. जुना ओळखीचा टोनी त्याला आपल्या हॉटेलचं स्वयंपाकघर देतो. पुढे प्लेटा फुटतात, हेलेन नावाच्या कुकवर तो धावून जातो, आणि ज्या रात्री मिशलिनचे परीक्षक आलेत असं सगळ्यांना वाटतं त्याच रात्री मिशेल नावाचा सहकारी पॅरिसमधल्या जुन्या अपमानाचा सूड म्हणून सॉसमध्ये लाल तिखट ओततो.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'एका अलौकिक माणसाची गोष्ट' म्हणून हा सिनेमा फसतो. पण अचूक काम एका माणसाच्या हातात कधीच नसतं, ते सगळ्या स्वयंपाकघराचं असतं, हे तो प्रसंगामागून प्रसंग दाखवत जातो. पटकथेला स्वतःला ते पुरतं उमगलंय की नाही याबद्दल मला शंका आहे. हातातली कामं मात्र खरी आहेत. मार्कस वेअरिंगसारखा लंडनमधला नावाजलेला शेफ सल्लागार होता, ते पडद्यावर दिसतं.

स्वयंपाकघरात काम करणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं. कोणता प्रसंग खरा, कोणता खोटा, आणि त्यातून हाती काय लागतं?

कढईकाठ

ऑयस्टरपासून सुरुवात करतो, कारण तिथे बरेच जण 'काहीतरी प्रतीक असेल' म्हणून पुढे जातात.

हिशेब मांडून बघा. रोज हजार सोलले तर दहा लाखांना हजार दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षं. आठ तासांच्या पाळीत हजार म्हणजे एका ऑयस्टरला सुमारे २९ सेकंद. सरावलेल्या हाताला हा वेग सहज जमतो, त्यामुळे आकडा अशक्य नाही. अवघड आहे ते प्रत्येक शिंपला सारखा उघडणं. बोथट, आखूड पात्याची सुरी बिजागरीत घालायची, जोर न लावता मनगट पिळायचं, वरच्या कवचाला चिकटलेला स्नायू पात्याने खरवडून सोडवायचा, मग खालचा. आतलं खारं पाणी सांडू द्यायचं नाही. जोर लावला की सुरी सटकते आणि थेट तळहातात जाते, म्हणून दुसऱ्या हातात जाड हातमोजा किंवा दुमडलेला पंचा हवाच. कवचाची कपची आत पडली तर तो शिंपला बाद.

वहीबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे. अ‍ॅडम फक्त एकूण आकडा लिहितो. शिकायचं असेल तर दुसरा रकाना लागतो: बाद किती झाले आणि कशाने. पाणी सांडलं, मांस फाटलं, कपची पडली. नुसता आकडा वाढत गेला तर शिक्षा पुरी होते, हात सुधारतोच असं नाही. मला वाटतं लंडनला आल्यावर तो होता तसाच राहतो त्याचं कारण इथे आहे.

निषाद_डेक्कन

विरुद्ध बाजू मांडतो. या सिनेमात आरडाओरडा आणि प्लेटा फेकणं हे तळमळीचं लक्षण म्हणून दाखवलंय. हेलेनची कॉलर धरण्याचा प्रसंग तर सरळ सरळ मारहाणीच्या जवळ जातो आणि नंतर तीच त्याच्या प्रेमात पडते. इथल्या हॉटेलांत नव्याने लागलेली वीस वर्षांची मुलं हे बघून 'शेफ असाच असतो' असं धरून चालतात. या सिनेमातून अर्थ काढताना आधी हे बाजूला काढलं पाहिजे.

मोजमाप

निषाद, पूर्ण सहमत. आणि नैतिक मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्लेट फेकणं हे कामाच्या हिशेबातही वाईट आहे. ते का, ते सांगतो.

चार जणांचं टेबल धरा: दोन मासे, एक बदक, एक भाजी. बदकाला शिजायला १२ मिनिटं आणि कापण्याआधी ६ मिनिटं विसावा. माशाला ५ मिनिटं. भाजीला ४. पासवर, म्हणजे जिथून प्लेटा बाहेर जातात त्या कट्ट्यावर, चारही एकाच वेळी पोचायला हव्यात. म्हणून बदक आधी लागतं, ते उतरल्यावर साधारण मिनिटभराने मासे, त्यानंतर भाजी. आता शेफने एक मासा फेकला. नवा मासा यायला तवा पुसणं, तापवणं धरून ७-८ मिनिटं. तोवर उरलेल्या तीन प्लेटा पासवरच्या गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली उभ्या राहतात. सॉसवर साय धरते, बदक जास्त शिजतं, भाजी मलूल होते. म्हणजे फेकला एक मासा, पण नव्याने कराव्या लागल्या चार प्लेटा. आणि त्या चार प्लेटा पुढच्या तीन टेबलांचे बर्नर अडवतात. सिनेमातल्या उद्घाटनाच्या रात्रीचं स्वयंपाकघर असंच कोसळतं. बघणाऱ्याला वाटतं लोक कमी पडले. खरं तर वेळापत्रक शेफनेच मोडलं.

'येस शेफ' हे ओरडून म्हणण्यामागे मात्र खरं कारण आहे. एक्झॉस्टच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही. ऑर्डर ज्याने ऐकली त्याने ती परत म्हणून दाखवायची: 'टेबल सात, दोन मासे, एक बदक'. नुसतं 'हो' पुरत नाही. ही शिस्त ओगुस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने रुजवलेल्या ब्रिगेड पद्धतीतून, म्हणजे सैन्यासारखी कामं वाटून देण्याच्या पद्धतीतून आली. त्याने स्वतः फ्रेंच सैन्यात स्वयंपाकी म्हणून काम केलं होतं. पण त्याच एस्कॉफिएबद्दल असंही सांगितलं जातं की त्याने स्वयंपाकघरातली शिवीगाळ आणि दारू बंद करायचा आग्रह धरला. हा अर्धा भाग सिनेमे नेहमी गाळतात.

सुमेधा_सहकारनगर

हेलेन मासा करते तो प्रसंग मला सगळ्यात खरा वाटला. तिथला टर्बो (turbot) हा समुद्री मासा पुण्यात मिळायचा नाही, पण तंत्र सुरमईला चालतं. तव्यात लोणी वितळवून ते चमच्याने माशावर पुन्हा पुन्हा ओतायचं. कुणी नेमकं प्रमाण देईल का?

कढईकाठ

सुमेधाताई, देतो.

गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून सुरमईचे तुकडे घेताना दोन सेंटिमीटर जाड कापून मागा; पातळ तुकडा या पद्धतीत टिकत नाही. एक तुकडा साधारण १६० ते १८० ग्रॅमचा. मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टिपकागदाने नीट टिपा. सगळं इथेच ठरतं: ओला मासा तव्यावर आधी वाफवला जातो आणि चिकटतो.

बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा मध्यम-मोठ्या आंचेवर तापवा, एक मोठा चमचा तेल. मासा ठेवल्यावर दहा सेकंद हलका दाबा, मग हात लावू नका. तीन मिनिटांनी तो आपण होऊन सुटतो. सुटत नसेल तर अजून वेळ आहे. उलटा, आंच मंद करा, ३० ग्रॅम लोणी आणि ठेचलेली एक लसूण पाकळी घाला. तवा आपल्याकडे कलता करा आणि फेसाळलेलं लोणी चमच्याने मिनिट-दीड मिनिट वरून सोडत राहा. मधल्या काट्याजवळ मांस पांढरं होऊन सुटायला लागलं की उतरवा. थर्मामीटर असेल तर ६० ते ६३ अंश. त्यापुढे सुरमई कोरडी पडते.

बिघडतं दोन ठिकाणी. लोणी सुरुवातीलाच घातलं तर त्यातला दुधाचा अंश जळून कडू होतो, म्हणून आधी तेल. आणि एका तव्यात चार तुकडे कोंबले की तवा गार पडतो. दोन पुरे.

आरती_औंध

मला मिशेलच्या तिखटाबद्दल विचारायचंय. एवढ्या मोठ्या हॉटेलात सॉस बिघडलेला आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही, हे पटतं का? सिनेमाची सोय वाटली.

मोजमाप

दुर्दैवाने पटतं, आणि माझ्या मते सिनेमातला सर्वात उपयोगी प्रसंग हाच आहे. पटकथा त्याला विश्वासघात म्हणून मांडते. पण शिकवणारा माणूस तो बघून आधी विचारेल: ज्याने सॉस केला त्याच्या हातून तो सरळ प्लेटवर कसा गेला?

नियम साधा आहे. शेवटची चव करणाऱ्याने घ्यायची, आणि पासवर उभ्या असलेल्या दुसऱ्यानेही घ्यायची. प्रत्येक चवीला नवा चमचा. तिखटाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे: मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, लोण्यात-तेलात विरघळतं. लोण्याच्या सॉसमध्ये ते पसरून बसतं आणि जिभेवर थोडं उशिरा चढतं. चमचा तोंडात घालून लगेच 'ठीक' म्हणणाऱ्याला ते सापडणार नाही. दहा-पंधरा सेकंद थांबावं लागतं. घाईच्या रात्री तेवढं कोण थांबतो?

आपल्याकडच्या मंगल कार्यालयांतले चांगले आचारी हे फार जुन्या काळापासून करतात. वीस लिटर आमटीला अंदाजे १६० ते २०० ग्रॅम मीठ लागतं. त्यातलं तीन-चतुर्थांश आधी, उरलेलं उकळी आल्यावर, आणि पंगत बसायच्या आधी चव घेणारा माणूस वेगळा. करणाऱ्याची जीभ तासभर वाफेत आणि फोडणीत राहून बोथट झालेली असते. यात अविश्वासाचा प्रश्नच नाही.

म्हणजे तुमचं काम कोणतंही असो, कोड असो, हिशेब असो, प्रूफं असोत, एका माणसाच्या रागाने किंवा थकव्याने ते सगळं बुडू शकत असेल तर मधली एक पायरी गाळलेली आहे. अ‍ॅडमने ती गाळली, कारण त्याला सगळं स्वतःच्या नजरेखाली आहे असं वाटत होतं. शंभर प्लेटांच्या रात्री एक नजर पुरत नाही.

तिसरी_घंटा

हे फार मोलाचं. त्यात भर: त्या रात्री आलेली माणसं मिशलिनची नव्हतीच, साधे विक्री प्रतिनिधी होते, हे नंतर कळतं. दोन माणसं, एकाने टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ) मागवायचा, दुसऱ्याने साध्या यादीतून, अर्धी बाटली वाइन, नळाचं पाणी, जमिनीवर काटा ठेवून कुणी उचलतं का बघायचं, अशा खुणांवरून सगळे ताडतात आणि चुकतात. परीक्षक ओळखण्याची ही धडपडच वाया जाणारी आहे. ओळखून केलेलं काम आणि न ओळखता केलेलं काम यांत फरक असेल तर तारा फुकटच. खरे परीक्षक येतात तेव्हा अ‍ॅडम स्वयंपाकघराला नेहमीचंच काम करायला सांगतो. माझ्यासाठी सिनेमाचा कळस तो आहे, आणि तो किती साधा घेतलाय बघा.

निषाद_डेक्कन

पण ताऱ्याचा हव्यास दाखवताना त्याची किंमत सिनेमा पटकन उरकतो. बर्नार लुआझोचं उदाहरण इथे यायला हवं. तीन तारे असलेला फ्रेंच शेफ; २००३ मध्ये गो-मियो या दुसऱ्या मार्गदर्शिकेने त्याचे गुण वीसपैकी १९ वरून १७ केले, मिशलिनचा तारा जाणार अशा वावड्या उठल्या, आणि त्या फेब्रुवारीत त्याने आयुष्य संपवलं. तो नैराश्याशी आधीपासून झुंजत होता, त्यामुळे एकच कारण देणं चूक होईल. त्या वर्षी मिशलिनने त्याचे तीनही तारे कायम ठेवले होते. याच्या उलट सेबास्तियाँ ब्रास: त्याने २०१७ मध्ये तीन तारे असताना आपलं नाव मार्गदर्शिकेतून काढा अशी विनंती केली आणि २०१८ च्या आवृत्तीत ते काढलं गेलं.

सिनेमात अ‍ॅडम दारूच्या नशेत रीस या प्रतिस्पर्धी शेफच्या स्वयंपाकघरात जाऊन प्लास्टिकची पिशवी डोक्यावर ओढतो, तो प्रसंग बघणं ज्यांना जड जाईल त्यांनी तो गाळून पुढे जावं. आणि कुणाला खरोखर गरज असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही चालतो.

आरती_औंध

त्याच प्रसंगानंतर रीस त्याला सकाळी ऑम्लेट करून देतो. प्रतिस्पर्धी, ज्याच्याकडे सगळी आधुनिक यंत्रं, तो शेवटी तीन अंडी फोडतो. तो क्षण सिनेमा संपल्यावरही मनात राहतो. ते फ्रेंच ऑम्लेट नेमकं कसं करतात? आपल्या भुर्जी-ऑम्लेटपेक्षा वेगळं दिसतं.

कढईकाठ

वेगळंच आहे: कांदा नाही, मिरची नाही, तपकिरी डाग नाही. लपवायला काही नाही म्हणून शेफची परीक्षा त्यावर घेतात.

तीन अंडी (टरफलाशिवाय सुमारे १५० ग्रॅम), मीठ दीड ग्रॅम, लोणी १५ ग्रॅम. बाजारातलं खारं पिवळं लोणी वापरत असाल तर मीठ निम्मं करा. काट्याने फेटा, पांढरे धागे दिसेनासे होईपर्यंत. फेस काढायचा नाही.

२० सेंटिमीटरचा नॉनस्टिक पॅन घ्या आणि शेगडीचा लहान बर्नर. मोठ्या बर्नरची ज्योत पॅनच्या कडेबाहेर येते आणि कडा आधी करपतात, घरी बिघडायचं पहिलं कारण हेच. लोणी फेसाळून फेस बसायला लागला की अंडं एकदम ओता. एका हाताने पॅन मागेपुढे हलवत, दुसऱ्या हाताने सिलिकॉनच्या उलथन्याने लहान गोल फिरवत राहा. ४०-५० सेकंदांत ते मऊ, ओलसर, दाणेदार होतं. आता ढवळणं बंद, दहा-पंधरा सेकंद तळ धरू द्या, पॅन कलता करून वरची कड आत वळवा, गुंडाळत खाली आणा आणि प्लेटवर उलटा. सगळं दोन मिनिटांच्या आत.

फेटलेलं अंडं ७० अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतं आणि ऐंशीच्या आसपास पाणी सोडतं. म्हणून ते आत थोडं ओलं असतानाच उतरवायचं, उरलेलं प्लेटवर स्वतःच्या उष्णतेने होतं. रबरासारखं झालं तर आंच जास्त. फाटलं तर ढवळणं उशिरा थांबवलं. (अगदी लहान मुलं, वयस्कर आणि गरोदर स्त्रियांसाठी मात्र पूर्ण शिजवा.)

सुमेधा_सहकारनगर

आपल्याकडे या परीक्षेच्या तोडीचा पदार्थ उकडीचा मोदक. तांदळाची पिठी, पाणी, खोबरं, गूळ. दडवायला काहीच नाही. आंबेमोहोराची पिठी एक वाटी, पाणी एक वाटी (पिठी जुनी असेल तर दोन चमचे जास्त), चिमूट मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळ उकळल्यावरच पिठी घालायची, ढवळून झाकण, मंद आंचेवर दोन-तीन मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं. उकड गरम असतानाच मळायची. गार झाली की पारीला कडेने तडे जातात आणि मग पाणी लावून ते बुजवले तरी वाफेत उघडतात. पारीची कड मधल्या भागापेक्षा पातळ हवी, कारण कळ्या एकत्र आल्या की टोकाला जाडी वाढते आणि तिथे पीठ कच्चं राहतं. सारण ओलं राहिलं तर मोदक फुटतो, जास्त आटवलं तर गूळ कडक होतो. वाफ १० ते १२ मिनिटं.

आणि आता सिनेमाशी जोडते. एक देखणा मोदक कुणीही करेल. २१ मोदक सारखे करायचे तर घरातले तीन हात लागतात: एक मळणारा, एक पारी करणारा, एक कळ्या पाडणारा. उकडीचे गोळे ३० ग्रॅमचे वजन करून आधीच ठेवले तर तिघांचं काम जुळतं. नाही तर जिचा हात सर्वात चांगला तीच सगळं ओढते, तोवर उकड गार होते, आणि मग ती बाकीच्यांवर चिडते. अ‍ॅडमचं नेमकं हेच होतं. त्याची उकड गार होते.

तिसरी_घंटा

सुमेधाताई, हे समीक्षेत कुठेच वाचलं नव्हतं. हेलेनच्या मुलीचा वाढदिवस येतो तो प्रसंग याच्याशी जोडून बघा. आईला सुट्टी नाकारल्यावर अ‍ॅडम मुलीसाठी स्वतः केक करतो आणि ती खाऊन सांगते की याहून चांगला खाल्लाय. त्याच्या कौशल्याला तिथे काही किंमत नाही आणि तो ते शांतपणे ऐकून घेतो. पूर्ण सिनेमात त्याच्या कामाबद्दल आलेलं हे सर्वात प्रामाणिक मत असेल.

आरती_औंध

शेवटी तो सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. आधी त्याला बोलावलेलं असतं आणि तो टाळतो. हॉटेलांत असं एकत्र जेवण खरंच होतं का, की तेही सिनेमाचं?

मोजमाप

होतं, आणि जिथे होत नाही तिथे फरक पडतो. संध्याकाळची सर्व्हिस सातला सुरू होत असेल तर स्टाफचं जेवण साडेपाचला, पंचवीस मिनिटं, सगळे एकाच वेळी. स्वयंपाक एका कनिष्ठ कुककडे, आठवड्याच्या पाळीने: वरण-भात, एक भाजी, पोळ्या किंवा पाव. तीस जणांना साधारण तीन किलो तांदूळ आणि सव्वा किलो डाळ. कनिष्ठाला मोठ्या प्रमाणात शिजवण्याचा सराव इथेच मिळतो, आणि चव सांगायला समोर वरिष्ठ बसलेले असतात.

त्या पंचवीस मिनिटांत आजच्या बुकिंगची यादी वाचली जाते: कोणत्या टेबलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कुठला मासा आला नाही, कोण सुट्टीवर. उभ्याने डबा संपवणाऱ्या स्वयंपाकघरात हेच साडेआठला पासवर ओरडून सांगावं लागतं. बसण्याची जागा शेफने रोज बदलावी, आज भांडी घासणाऱ्या मसालचीशेजारी, उद्या तंदूरवाल्याशेजारी. मसालचीला कोणत्या प्लेटा अर्ध्या परत येतात ते सगळ्यांच्या आधी माहीत असतं, आणि ते त्याला सहसा कुणी विचारत नाही.